काळूरामदादा आणि एक राहिलेली सही

काळूरामदादा गेल्याचं मला कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. बुधवार होता, ताटात मटकीची उसळ होती, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एवढंच टाकलं होतं... केआर सर गेले, सकाळी, चऱ्होलीला घरीच. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ताट तसंच ठेवून जिन्यात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. आला तो राग, आणि तो स्वतःचाच. कारण या माणसाला मला सहा वर्षं एक वाक्य सांगायचं होतं. दादा, चूक माझी होती, तुम्ही लिहिलं तेच खरं होतं. बस, एवढंच. सहा वर्षांत माझ्या तोंडून ते निघालं नाही, आणि आता ऐकणारा माणूसच राहिला नाही. याला सात आठवडे झाले.

भेट झाली नाही म्हणून राहून गेलं, असं म्हणायची सोयही मला नाही. ते जाण्याच्या तीन आठवडे आधी मी त्यांना भेटून आले होते. लिव्हरचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. सांगवीहून चऱ्होलीला पोहोचेपर्यंत मी गाडीत एकटीच ते वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. दादा कॉटवर उशीला टेकून बसले होते. अंगाचं पार चिपाड झालेलं, डोळे मात्र तसेच, समोरच्याची परीक्षा घेणारे. वहिनींनी चहा दिला. मी रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलले, गावात उठलेल्या नव्या इमारतींबद्दल बोलले, माझ्या लेकीच्या शाळेबद्दल तर इतकी बोलले की वहिनीच कंटाळल्या असतील. दादा ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मॅडम, एक्झिट आधी लिवता ना अजून?" मी हो म्हणाले. मग बरं हाय, म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी आणखी थोडा वेळ बसले आणि वाक्य पोटात घेऊन परत आले.

त्यांचं ते 'मॅडम' मला अजून टोचतं. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी मॅडम नव्हते. चौदा वर्षांपूर्वी मी लातूरहून चाकणला आले, तेव्हा आमची कंपनी म्हणजे एक लांबुळकी शेड आणि वर पत्र्याचं ऑफिस होतं. गाड्यांचे सुटे भाग कॅमेऱ्याने तपासणारी मशिनं आम्ही बनवायचो. पट्ट्यावरून भाग पुढे सरकतो, कॅमेरा तो बघतो, आणि सदोष असला तर हवेवर चालणारा एक दांडा त्याला बाजूला ढकलतो. मी संगणकाची पदवी घेऊन आलेली, डोक्यात भरपूर हवा. आणि माझे साहेब कोण, तर चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातले, आयटीआय झालेले, पिंपरीच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागलेले आणि पुढे स्वतःच पुस्तकं आणून संगणक शिकलेले काळूराम. इंग्रजी पुस्तक ते ओळीवर बोट ठेवून वाचायचे. पहिल्या आठवड्यात मी घरी फोन करून सांगितलं होतं की इथे एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली टाकलंय मला. आज ते आठवलं की कान गरम होतात.

ऑफिसात सगळे त्यांना केआर सर म्हणायचे. मी दुसऱ्या महिन्यापासून दादा म्हणायला लागले. आमच्या पिंपरी-चिंचवडात दादा म्हटलं की माणूस इलेक्शनला उभा आहे असंच वाटतं, तेव्हा ते म्हणायचे, मग चौकात माझा फ्लेक्स लाव. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ते न विचारता घ्यायचे आणि चुकांबद्दल तेवढ्याच हक्काने झापायचे. मी फटकळ, ते हट्टी. आमची भांडणं खाली शेडमध्ये ऐकू जायची. पण संध्याकाळी बस चुकली की आपल्या स्कूटरवरून मला नाशिक फाट्यापर्यंत सोडायलाही तेच यायचे. वाटेत चकार शब्द बोलायचे नाहीत. उतरताना म्हणायचे, तुझं बरोबर व्हतं मगाशी. किंवा म्हणायचे, उद्या परत भांडू.

आता जरा कामाबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. संगणकाच्या अगदी आत एक मूळ प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. आपल्याला दिसणारे बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या आधाराने चालतात. या कर्नलमध्ये, तो चालू असतानाच, मशीन बंद न करता एखादा नवा तुकडा घालता येतो आणि काढताही येतो. तो तुकडा म्हणजे मॉड्यूल. आमचा दांडा केव्हा ढकलायचा हे ठरवणारा तुकडा असाच होता. बाहेरचा एखादा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. मॉड्यूल चुकलं तर अख्खं मशीन घेऊन बसतं. मला हे पुस्तकातून माहीत होतं. दादांना ते त्यांच्या भाडेकरूंमुळे कळलं होतं. चऱ्होलीला त्यांच्या घरामागे कामगारांसाठी बांधलेल्या दहाबारा खोल्या होत्या. ते म्हणायचे, मॉड्यूल म्हणजे भाडेकरू. येताना काय काय आणलं, कुठे काय जोडलं, याचं मला काही नाही. जाताना बघायचं. नळ बंद केला का, गॅस काढला का, चावी दिली का. एकदा एक कुटुंब पाण्याची मोटर चालू ठेवून गावी निघून गेलं होतं आणि खालच्या तीन खोल्यांत घोट्याएवढं पाणी झालं होतं. ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली असेल.

म्हणून त्यांचा एक नियम होता, जो मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. मॉड्यूलमध्ये दोन भाग लिहावेच लागतात, घालताना चालणारा आणि काढताना चालणारा. सगळं जग पहिला भाग आधी लिहितं, आणि जमलं तर दुसरा. दादा काढतानाचा भाग, म्हणजे एक्झिट, आधी लिहायला लावायचे. काय घेणार आहेस ते अजून ठरलं नसेल तर परत काय करणार ते लिही, मग तेवढंच घे. शेवटी घेतलेलं आधी सोडायचं, पहिलं घेतलेलं शेवटी. माझं पहिलं मॉड्यूल त्यांनी घातलं, छान चाललं. मी खूश. मग त्यांनी ते काढलं आणि मशीन जागच्या जागी गोठलं. त्यांनी फक्त खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी मी जेवायला उठले नाही.

दुसरा नियम, प्रत्येक मॉड्यूल शंभर वेळा घालायचं आणि शंभर वेळा काढायचं, आणि ते ज्या बोर्डावर, म्हणजे मशीनमधल्या छोट्या संगणकावर, कारखान्यात चालणार त्याच बोर्डावर. मग तक्त्यावर त्या बोर्डाच्या नावापुढे टिक करायची. आणि तिसरा नियम म्हणजे केबल. कर्नल कोसळला की शेवटची माहिती डिस्कवर लिहायलाही त्याला सवड मिळत नाही, म्हणून दादा प्रत्येक मशीनला एक साधी केबल लावून दुसरं टोक एका जुन्या लॅपटॉपला जोडून ठेवायचे. कोसळता कोसळता कर्नल जे काही बोलेल ते तिकडे उतरायचं. गिऱ्हाइकांना ती केबल नको असायची, कपाटात अडचण होते म्हणून. दादा भांडून लावायचे. जाणाऱ्याचं शेवटचं बोलणं ऐकायला कुणीतरी बाहेर बसलेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही नवा बोर्ड घेतला. जुना बोर्ड एका वेळी एकच काम करायचा, नव्यावर दोन कामं खरोखर एकाच क्षणी चालायची. दांड्याचं नवं मॉड्यूल मी लिहिलं होतं. त्यात एक टायमर होता, ठरावीक वेळाने वाजणारा. एक्झिटमध्ये मी तो रद्द केला होता, पण त्या क्षणी तो दुसऱ्या बाजूला चालू असेल तर संपेपर्यंत थांबायचं माझ्या हातून राहिलं होतं. एका शब्दाचा फरक. जुन्या बोर्डावर ही चूक कधीच दिसली नसती, कारण तिथे दुसरी बाजूच नव्हती. मी शंभर वेळा घालून-काढून पाहिलं ते जुन्या बोर्डावर. नवा बोर्ड तेव्हा गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बसवायला गेला होता, मशीन द्यायची तारीख डोक्यावर होती आणि दादा रजेवर होते. मी तक्त्यावर नव्या बोर्डापुढे टिक करून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझी मीच केली.

त्या कारखान्यात संतोष नावाचा मेंटेनन्सचा मुलगा होता, ठेकेदाराकडून आलेला, परभणीकडचा, जेमतेम पंचविशीचा. दांडा कधीकधी उशिरा ढकलतो म्हणून तो मला फोन करायचा. आमच्या लेखी सूचनेत स्पष्ट लिहिलेलं होतं की चालू मशीनमधून मॉड्यूल काढू नये, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं. पण त्यात दहा मिनिटं जायची आणि लाइन थांबली की सुपरवायझर त्याच्या अंगावर यायचा. एकदा मी घाईत होते, त्याला फोनवर सांगून टाकलं की रीस्टार्ट करत बसू नका, मॉड्यूल काढा आणि परत घाला, दोन सेकंदांचं काम आहे. कमांडही सांगितली. त्याने लिहून घेतली आणि थँक यू मॅडम म्हणाला. पुढे दोन महिने त्याचा फोन आला नाही, म्हणजे युक्ती चालत होती.

मग एका दुपारी त्याने मॉड्यूल काढलं आणि माझा टायमर, जो थांबायला हवा होता, निघून गेलेल्या मॉड्यूलच्या जागेत वाजला. कर्नल कोसळला. पडदा गोठला, आणि गोठण्याआधी त्यावर 'थांबलेले' असं आलेलं होतं. प्रत्यक्षात दांडा अर्धवट बाहेर होता, हवा भरलेली होती आणि पुढे एक भाग अडकला होता. संतोषने पडदा बघितला, मशीन थांबलंय असं समजून भाग काढायला हात घातला. काही सेकंदांनी हवा आपोआप सुटली आणि दांडा मागे आला. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी तिथे गेलो. गिऱ्हाइकाचे साहेब लेखी सूचनेचा कागद घेऊनच उभे होते. दादांनी कागदाकडे पाहिलं नाही. ते सरळ कपाटामागे गेले, केबलच्या टोकाचा लॅपटॉप काढला आणि लाकडी खोक्यावर बसून लॉग, म्हणजे कर्नलने शेवटी उतरवलेल्या ओळी, वाचायला लागले, नेहमीसारखे बोट ठेवून. कर्नल कोसळताना एक ओळ लिहून जातो, शेवटी कोणतं मॉड्यूल काढलं गेलं त्याची. दादांचं बोट तिथे थांबलं. तिथे माझ्या मॉड्यूलचं नाव होतं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मला त्या एका ओळीतच सगळं कळलं. टायमर, टिक, फोन. 

ऑफिसात येऊन त्यांनी नव्या बोर्डावर तेच मॉड्यूल घालायला-काढायला लावलं. एक छोटा प्रोग्राम लिहून दिवसभर, मग दुसऱ्या दिवशीही. दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्ड तसाच कोसळला, तीच ओळ लिहून. संध्याकाळी त्यांनी दोन पानांचा अहवाल तयार केला. सोपं, सरळ मराठी, सोबत लॉग. मॉड्यूलमधली चूक, तक्त्यावरची टिक, संतोषने त्यांना सांगितलेला माझा फोनवरचा सल्ला, सगळं क्रमाने. तपासणारा म्हणून खाली त्यांची सही होती. शेजारी मॉड्यूल लिहिणाऱ्याची जागा रिकामी. आमच्याकडे दोन्ही सह्या असल्याशिवाय अहवाल बाहेर जायचा नाही.

मी म्हणाले, मी सही करणार नाही. सूचनेत लिहिलंय काढू नका, त्याने काढलं. मी त्याच आठवड्यात टीमची प्रमुख होणार होते, हे खरं कारण. ते मी बोलले नाही, पण दादांना माहीत होतं.

"वैशाली, चुका माझ्याकडूनबी लई झाल्यात," ते म्हणाले. "त्याचं मला काय न्हाई. पण टिक तू केलीस, आन त्या पोराला फोनवर सांगणारीबी तूच. त्याची नोकरी जाईल आता. हितं सही कर."

मी म्हणाले, फोनचा पुरावा काय?

हे मी म्हणाले. मीच.  दादांनी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि खिशाला अडकवलं. "बरं मॅडम," म्हणाले. तेव्हापासून मी मॅडम झाले.

एका सहीचा अहवाल म्हणजे एका माणसाचं मत, असं म्हणून वरिष्ठांनी तो फाइलला लावला. दादा दोनदा वर जाऊन भांडले, त्यांना ताकीद मिळाली. गिऱ्हाइकाने स्वतःचा अहवाल केला होता, तोच कायम झाला, कर्मचाऱ्याने लेखी सूचना डावलली आणि मशीनमध्ये हात घातला. ठेकेदाराने संतोषला काढून टाकलं. मी प्रमुख झाले. आणि त्याच आठवड्यात मी मॉड्यूलमधला तो एक शब्द बदलला. बदलाची नोंद करावी लागते, तिथे मी लिहिलं, किरकोळ सुधारणा. दादा सगळ्यांच्या नोंदी रोज वाचायचे. तीही वाचली असणार. दादा वर्षभर माझ्याशी अतिशय नीट वागले, एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. डब्यातली चटणी घेणं बंद झालं. भांडणंही बंद झाली. निवृत्तीच्या समारंभात मी त्यांच्याबद्दल पाच मिनिटं बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांनीही वाजवल्या.

दशक्रियेला मी इंद्रायणीच्या घाटावर गेले होते. गर्दीत एक माणूस आल्यागेल्याला पाणी देत होता, घरचाच असल्यासारखा. मला ग्लास देताना त्याचा हात दिसला. सहा वर्षांत त्याचा चेहरा भरला होता, पण दोन बोटं पेरापासून नव्हती. त्याने मला ओळखलं, नमस्कार मॅडम म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे गेला. मी ग्लास तसाच खाली ठेवला. मी वहिनींना विचारलं, हा इथे कसा. त्या म्हणाल्या, ह्यांचं गुरुवारचं ठरल्यालं व्हतं, पिंपरीला संतोषकडं जायचं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा दादांचीही सुट्टी तीच. नोकरीत असल्यापासून, म्हणजे त्या अपघातानंतर दुसऱ्याच महिन्यापासून, दर गुरुवारी. निवृत्तीनंतरही गुरुवारच. त्याला बोर्ड दुरुस्त करायला शिकवलं, पिंपरी कॅम्पाच्या मागच्या गल्लीत गाळा बघून दिला. मला हे काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, दादा आपला अहवाल हरले आणि गप्प बसले.

अहवालाची एक प्रत माझ्या घरी होती. का ठेवली होती विचारू नका, फाडायची हिंमत नव्हती आणि वाचायचीही. दशक्रियेच्या रात्री मी ती काढली. दादांच्या सहीशेजारी सही केली, खाली त्या दिवशीची तारीख टाकली. मग कंपनीला पत्र लिहिलं, सगळं क्रमाने, दादांनी लिहिलं होतं तसंच. कंपनीचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण कंपनीला सांगून माझं वाक्य सांगून होत नव्हतं. चूक माझी होती, हा त्यातला पहिला अर्धा भाग ज्याला सांगायचा होता, तो माणूस पिंपरीत होता.

पुढच्या गुरुवारी मी गेले. गाळा लहान, स्वच्छ, भिंतीला लावलेली हत्यारं आणि टेबलावर उघडलेले बोर्ड. आत एक लाकडी खुर्ची होती, पाठीला गादी बांधलेली. सरांची, संतोष म्हणाला, पाठ दुखायची त्यांची म्हणून बांधली. तिच्यावर कुणी बसत नाही असं काही तो म्हणाला नाही. तिथेच बसा, म्हणाला. मी बसले आणि अहवाल त्याच्यापुढे ठेवला. जे सांगायचं ते सांगून टाकलं. जुळवाजुळव केली नाही. टायमर माझा, टिक माझी, फोन माझा, आणि सहा वर्षं गप्प बसणंही माझं.

तो वाचायला लागला. दुसऱ्या पानावरच्या लॉगला आला आणि त्याने ओळीवर बोट ठेवलं, ते पेरापासून नसलेलं. एकेक ओळ तो हळूहळू, बरोबर वाचत गेला. शेवटी काढलेलं मॉड्यूल, त्याचं नाव, पत्ता. एका शब्दाला अडखळला नाही. मॉड्यूल म्हणजे काय हे ज्याला मी फोनवर एका कमांडपुरतं सांगितलं होतं, त्याला दादांनी हे सगळं शिकवलं होतं. मला वाटलं आता तो चिडेल, आणि चिडला तर बरं होईल.

"माझी चूक नाही, हे सरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "कुणाची ते नाही सांगितलं. मी लय वेळा विचारलं. ज्याची हाय त्यो सांगंल, एवढंच म्हणायचे."

 दादांनी सहा वर्षं माझं नाव घेतलं नव्हतं. त्या शेवटच्या भेटीतही त्यांनी मला वेळ दिला होता, आणि मी लेकीच्या शाळेबद्दल बोलत बसले होते. दादांच्या खुर्चीवर बसून मी रडले, चांगली हुंदके देऊन. संतोषने पंखा मोठा केला आणि पाण्याची बाटली पुढे सरकवली.

मग तो म्हणाला, हा कागद मला द्या. मी म्हणाले, तुमचाच आहे, वकिलाला दाखवा, जिथे यायला सांगाल तिथे येऊन सांगेन. तो म्हणाला, ते बघू नंतर. आधी माझ्या वडिलांना सांगायचंय. त्याचे वडील गावाकडे असतात. त्यांनी तीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात काढली, मशीनवर, नखाला लागलं नाही. अपघातानंतर ते एवढंच म्हणाले होते की मशीन चालू आहे का बंद हे ज्याला कळत नाही त्याने शहरात जाऊ नये. तेव्हापासून घरी गेलं की हाच विषय, पाहुण्यांसमोरसुद्धा. सरांनी फोन करून समजावलं तर म्हणाले, मास्तर आपण शिकवलेल्या पोराची बाजू घेणारच. मागची दोन वर्षं संतोष गावी गेला नाही. कागद त्यांना वाचता येत नाही, तो म्हणाला. तुम्ही बोला.

त्याने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून एक जाड, थकलेला आवाज आला. मी माझं नाव सांगितलं. ज्या मशीनमध्ये तुमच्या मुलाचा हात गेला त्यातला एक भाग मी लिहिला होता, म्हणाले. तो चुकीचा लिहिला होता. मशीन बंद दिसत होतं, पण माझ्या चुकीने ते बंद झालं नव्हतं. तुमच्या मुलाने मी सांगितलं तसंच केलं होतं. हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, मी सांगितलं नाही.

 मागे कुठेतरी शेळ्यांचा आवाज येत होता.  

"म्हंजे लेकरानं नीट बघितलं होतं," ते म्हणाले. मी म्हणाले, हो.  "मग मी त्याला सहा वर्सं उगंच बोललो, बाई."

"तो इथंच बसलाय, काका," मी म्हणाले. "मला नका सांगू, त्याला सांगा. आत्ताच सांगा." आणि फोन संतोषच्या हातात दिला.